‘बटाटे खाणारे’ घडत असताना : न्यूनेनमधल्या एका हिवाळ्याचा प्रकरण अभ्यास

मे १८८५ च्या पहिल्या दिवसांत व्हिन्सेंट व्हॅन गॉग या चित्रकाराने एक ओले चित्र नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातल्या आपल्या खोलीतून हलवले आणि जवळच्या आयंडहोव्हन शहरात राहणाऱ्या एका मित्राकडे नेऊन ठेवले. हा मित्र म्हणजे आंतोन केर्सेमाकर्स. व्यवसायाने तो कातडी कमावणारा होता आणि हौसेने व्हिन्सेंटकडे चित्रकला शिकत असे. चित्र सुरक्षित राहावे म्हणूनच ते हलवले होते, मात्र त्याला भीती चोराची किंवा ओलीची नव्हती, खुद्द चित्रकाराचीच होती. रंग पुरता वाळलेला नसताना मोठ्या ब्रशने केलेला एखादा फेरफार सगळेच बिघडवून टाकतो, आणि शेवटच्या दिवसांत हात आवरत नाही, हे व्हिन्सेंटला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने मित्राला सांगून ठेवले की, मी हे नासवणार नाही याकडे तू लक्ष दे, उरलेसुरले बारीक काम मी तुझ्या घरी येऊन लहान ब्रशने करीन. दोन-तीन दिवसांनी तेथे जाऊन चित्रावर अंड्याचा पांढरा बलक फिरवायचा आणि मग ते पॅरिसला धाकट्या भावाकडे, थिओकडे रवाना करायचे, असा बेत होता.

हे चित्र म्हणजे ‘बटाटे खाणारे’. आज ते अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. आकार ८२ बाय ११४ सेंटिमीटर. ते इतके परिचित झाले आहे की ते कधी काळी अपुरे होते, त्यात चारच माणसे होती, त्यांचे चेहरे गुलाबीसर गोरे होते, असे सांगितले तर चटकन पटत नाही. या लेखाचा विषय ती अपुरी अवस्थाच आहे. चित्रकाराची प्रेरणा हा शब्द आपण सैलपणे वापरतो. काम सुरू होण्यापूर्वी कुठून तरी येणारी आणि काम सुरू झाल्यावर संपून जाणारी ती एक गोष्ट आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रस्तुत प्रकरणात प्रेरणा कोणत्या, हे शोधावे लागत नाही, कारण व्हिन्सेंटने त्या पत्रांमधून नावानिशी सांगितल्या आहेत. शोधण्याजोगी गोष्ट वेगळी आहे : कोणती प्रेरणा कोणत्या टप्प्यावर, कोणत्या अडचणीपुढे कामी आली.

गाव, घर आणि पैशांचा हिशेब

व्हिन्सेंट डिसेंबर १८८३ मध्ये आईवडिलांकडे न्यूनेनला आला तेव्हा तीस वर्षांचा होता. ब्राबांट प्रांतातले हे गाव विणकरांचे आणि शेतकऱ्यांचे, बहुतांशी कॅथलिक. त्याचे वडील तेथल्या लहानशा प्रोटेस्टंट मंडळीचे पाळक होते. मे १८८४ पासून त्याने कॅथलिक चर्चच्या सेवकाच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन तेथे चित्रशाळा थाटली. म्हणजे एका पंथाच्या पाळकाचा मुलगा, दुसऱ्या पंथाच्या चर्चसेवकाचा भाडेकरू आणि दिवसभर गरिबांच्या झोपड्यांतून वावरणारा, अशी त्याची गावातली स्थिती होती. ही गोष्ट पुढे महागात पडणार होती.

खर्च थिओ चालवत असे. महिन्याला साधारण १५० फ्रँक येत आणि १८८४ पासून या रकमेकडे मदत म्हणून न पाहता चित्रांचा मोबदला म्हणून पाहावे, चित्रे थिओच्या मालकीची व्हावीत, असे दोघांत ठरले होते. थिओ पॅरिसमध्ये चित्रांच्या पेढीवर काम करणारा. भावाची काळपट, मातकट चित्रे तेथे खपण्यासारखी नाहीत हे त्याला दिसत होते. या पार्श्वभूमीवर पाहिले तर ‘बटाटे खाणारे’ हे गरिबांविषयीच्या करुणेतून उसळून आलेले चित्र आहे, हे नेहमीचे वर्णन अर्धवट ठरते. करुणा होतीच, पण त्याबरोबर हिशेबही होता. आपण माणसांची चित्रे रंगवणारे चित्रकार आहोत हे पॅरिसला दाखवण्यासाठी त्याला एक परीक्षेचे चित्र हवे होते. पाच माणसांचा एकत्र बसलेला समूह आणि तोही एकाच दिव्याच्या उजेडात, असा विषय त्याने निवडला. ज्याला रीतसर शिक्षण फारसे मिळालेले नाही अशा माणसाने इतका कठीण पेपर स्वतःहून काढावा, याला धाडस म्हणावे की हट्ट, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तो हट्ट वाटतो, आणि चित्राचे पुष्कळसे बळ त्या हट्टात आहे असेही वाटते.

पन्नास चेहऱ्यांचा संकल्प

१८८४ च्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांचे पन्नास चेहरे रंगवायचे ठरवले. हिवाळाच का, याचे उत्तर व्यवहारी आहे : शेतीची कामे थांबलेली असतात आणि थोड्या पैशांत माणसे बसायला मिळतात. त्यांपैकी चाळीसहून अधिक चेहरे आज उपलब्ध आहेत. पांढऱ्या टोप्यांतल्या स्त्रिया, डोक्यावर टोपी ओढून घेतलेले पुरुष, रुंद जबडे, बसकी नाके, जाड ओठ. सुंदर म्हणावा असा चेहरा त्यांत जवळजवळ नाही, आणि तो टाळलेला आहे हेही लपलेले नाही.

या संकल्पामागची प्रेरणा चित्रशाळेतली नाही, छापखान्यातली आहे. हेग शहरात राहत असताना व्हिन्सेंटने ‘द ग्राफिक’ या इंग्रजी सचित्र साप्ताहिकातली कोरीव चित्रे मोठ्या प्रमाणावर जमवली होती. त्या साप्ताहिकात सामान्य माणसांच्या चेहऱ्यांची एक मालिका येत असे. खाणकामगार, कोळी अशी एकेका व्यवसायाची माणसे तीत ठसठशीतपणे दाखवलेली असत. एका माणसाचे हुबेहूब चित्र काढण्यापेक्षा एका वर्गाचा, एका कष्टाचा चेहरा शोधायचा, ही दृष्टी त्याला तेथून मिळाली. न्यूनेनमध्ये त्याने काढलेले चेहरे म्हणूनच व्यक्तिचित्रे आणि अभ्यास यांच्या सीमेवर उभे आहेत. गोर्डिना डी ग्रूट ही त्यांतली सर्वांत ओळखीची; तिचे चेहरे त्याने अनेकदा रंगवले आणि अखेरच्या चित्रात डावीकडून दुसरी, पांढऱ्या टोपीतली स्त्री तीच आहे.

मार्च १८८५ पर्यंत तो हे चेहरे खिडकीसमोर बसवून, मागून उजेड येईल अशा रीतीनेही रंगवू लागला होता. बटाट्यांच्या थाळीभोवती बसलेल्या माणसांचे चित्र करायचे हे तोवर मनात आले होते, पण ते संध्याकाळचे करावे की दिवसाचे, हे ठरलेले नव्हते. मोठी चित्रे ठाम कल्पनेतून जन्मतात अशी आपली समजूत असते. येथे मूळ कल्पनेतला उजेडच अनिश्चित होता.

मार्च महिन्याच्या २६ तारखेला वडील अचानक वारले. पुढच्या काही आठवड्यांत व्हिन्सेंटने ज्या झपाट्याने काम केले त्याचा या मृत्यूशी संबंध जोडण्याचा मोह पुष्कळांना झाला आहे. कामाचा वेग त्या आधीच वाढला होता, एवढे येथे नोंदवतो आणि पुढे जातो.

चारांचे पाच

डी ग्रूट कुटुंबाच्या झोपडीतल्या जेवणाचा पहिला रंगीत अभ्यास लहान आहे आणि त्यात माणसे चार आहेत. एप्रिलमध्ये केलेल्या दुसऱ्या अभ्यासात ती पाच झाली. हा दुसरा अभ्यास ७२ बाय ९३ सेंटिमीटरचा असून सध्या नेदरलँड्समधल्याच क्रॉलर-म्युलर संग्रहालयात आहे. तीन दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत तो त्यावर खपत होता आणि शनिवारी संध्याकाळी रंगाची अशी अवस्था झाली की वाळल्याशिवाय पुढे ब्रश लावणे अशक्य झाले, असे त्याने थिओला कळवले आहे.

या पाच जणांच्या मांडणीने काय साधले, हे चित्रासमोर बसून पाहण्यासारखे आहे. पाठमोरी मुलगी समोर, आपल्या आणि मेजाच्या मधोमध आहे. तिचा चेहरा दिसत नाही, तिच्या पलीकडून थाळीतली वाफ वर येते आणि दिव्याचा उजेड तिच्या बाह्य रेषेवर अडतो. आपण झोपडीच्या आत आहोत पण पंक्तीत नाही, ही जाणीव त्या पाठीमुळे होते. डावीकडचा पुरुष काट्याने बटाटा उचलतो आहे, शेजारची गोर्डिना त्याच्याकडे पाहते आहे आणि तो तिच्याकडे पाहत नाही. म्हातारा कप पुढे करून आहे. उजवीकडची म्हातारी खाली मान घालून कॉफी ओतते आहे. ज्यांनी लहानपणी वीज नसलेल्या घरात कंदिलाच्या उजेडात जेवण केले असेल त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. त्या उजेडात माणसे कमी बोलतात आणि हाताकडे जास्त पाहतात.

जेवणाचा विषय त्याला नवा नव्हता. डच चित्रकार जोझेफ इस्राएल्स याने १८८२ मध्ये शेतकरी कुटुंबाचे मेजाभोवतीचे चित्र केले होते आणि व्हिन्सेंट त्याचा मोठा चाहता होता. बेल्जियमचा शार्ल दे ग्रू याने जेवणापूर्वीची प्रार्थना रंगवली होती. तिच्यात मेजाभोवतीची माणसे एखाद्या धर्मविधीसाठी जमल्यासारखी गंभीर दिसतात. या दोघांकडून व्हिन्सेंटने मेज घेतले, माणसांची बैठक घेतली आणि एक गोष्ट निश्चयाने सोडून दिली. त्याच्या चित्रात कोणी प्रार्थना करत नाही. भिंतीवर ख्रिस्ताचे एक चित्र टांगलेले आहे, पण माणसे केव्हाच खायला लागली आहेत. पाळकाच्या मुलाने आभारप्रदर्शन वगळून थेट घासापासून सुरुवात करावी, हे मला योगायोगाचे वाटत नाही. ज्या हातांनी ही माणसे थाळीतले बटाटे उचलत आहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, म्हणजे त्यांनी हे अन्न प्रामाणिकपणे कमावले आहे, असा या चित्राचा अर्थ त्याने स्वतः थिओला लिहून कळवला. आभार मानायचेच तर ते हातांचे, असा त्याचा रोख दिसतो.

घाईने छापलेला दगड

दुसरा अभ्यास वाळतो न वाळतो तोच व्हिन्सेंट आयंडहोव्हनला गेला आणि त्याने शिळाछापासाठी एक लहान दगड घेतला. (शिळाछाप म्हटले की मराठी घरांना राजा रविवर्म्याच्या मुंबईतल्या छापखान्याची आठवण येते, त्या रंगीत देवदेवतांच्या मुळाशीही हेच दगडावरून छापण्याचे तंत्र होते, पण तो छापखाना यानंतर नऊ वर्षांनी, १८९४ मध्ये निघाला.) व्हिन्सेंटने स्मरणातून, एका दिवसात, थेट दगडावर चित्र काढले. दगडावर काढलेले चित्र छापताना उलटे उमटते. त्याने ते आधी उलटून घेतले नव्हते, त्यामुळे छापात सारी पंगत डावी-उजवीकडे फिरली. दगडावर पांढरी जागा जवळजवळ उरलीच नव्हती. असे छापले तर नीट उठणार नाही, असे छापखानेवाल्याने सांगितल्यावरून काही ठिकाणी आम्लाने उजेड मोकळा करून घेतला गेला. वीसएक प्रती निघाल्या.

हा या प्रकरणातला कळीचा निर्णय होता आणि माझ्या मते तो चुकीचा होता. चित्र अजून व्हायचे होते. पाच माणसांची मांडणी ठरली होती, पण रंग ठरला नव्हता, आणि हे चित्र तर रंगावरच उभे राहणार होते. त्यातून रंग वजा करून, उरलेली रेखा एका दिवसात, स्मरणातून दगडावर उतरवायची आणि ती प्रत भावाला व मित्राला पाठवायची, म्हणजे आपल्या कामाची सर्वांत कच्ची बाजू पुढे करण्यासारखेच होते. थिओने छाप पिंजल्यासारखी, लोकरीसारखी वाटते असे कळवले आणि व्हिन्सेंटने ते मान्य केले. दुसऱ्या प्रतीची कथा पुढे येते.

सोलायचा राहिलेला बटाटा

अखेरचे चित्र त्याने झोपडीत न करता आपल्या चित्रशाळेत, बव्हंशी स्मरणातून रंगवायला घेतले. १ मे हा थिओचा वाढदिवस. त्या दिवशी हे चित्र त्याच्या हाती पडावे अशी व्हिन्सेंटची इच्छा होती. ३० एप्रिलच्या पत्रात मात्र त्याला लिहावे लागले की काम चांगले चालले आहे, पण पुरे झालेले नाही. त्याच पत्रात त्याने सांगितले आहे की प्रत्यक्ष चित्र थोड्या दिवसांत होईल, पण त्यासाठी चेहरे आणि हात रंगवण्यात अख्खा हिवाळा गेला आहे. चित्राला किती वेळ लागला, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर क्वचित कोणी दिले असेल.

येथे तो एका तांत्रिक अडचणीत सापडला होता. चेहऱ्यांची कातडी त्याने यलो ऑकर, रेड ऑकर (म्हणजे पिवळा आणि तांबडा मातकट रंग) आणि पांढरा यांच्या मिश्रणाने रंगवली होती. हे मिश्रण कोणत्याही चित्रकला शाळेत पहिल्या वर्षी शिकवतात आणि दिवसाच्या उजेडात बसलेल्या माणसाला ते शोभतेही. पण मिणमिणत्या दिव्याखाली, धुराने काळवंडलेल्या खोलीत हे चेहरे भलतेच उजळ दिसू लागले. सगळे चेहरे पूर्ण झाले होते, काळजीपूर्वक झाले होते. तरीही त्याने ते निर्दयपणे पुन्हा रंगवून काढले. आता त्यांचा रंग कसा आहे, तर चांगल्या धुळकट, न सोललेल्या बटाट्यासारखा, असे त्याने थिओला लिहिले.

त्याच ओघात त्याने झाँ-फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराची आठवण काढली आहे. मिलेचे शेतकरी ज्या मातीत पेरणी करतात त्याच मातीने रंगवल्यासारखे वाटतात, असे त्याच्याबद्दल म्हटले जाई. चेहरे पुन्हा रंगवत असताना हेच वाक्य आपल्या मनात होते, असे व्हिन्सेंट सांगतो. हा तपशील मला या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. मिले हे त्याचे दैवत कित्येक वर्षांचे. त्याचे चरित्र त्याने १८८२ मध्येच वाचले होते, त्याची चित्रे गिरवली होती. शेतकरी हा विषय मिलेकडून आला हे उघडच आहे. पण ते वाक्य कित्येक वर्षे जवळ असूनही चेहरे आधी गोरेच रंगवले गेले होते. वाक्याचा अर्थ त्याला कळला तो तयार चेहरे चुकले आहेत हे दिसल्यावर, हातात ब्रश असताना. प्रेरणा आधीपासून घरात होती, पण तिचा उपयोग काम अडल्यावर झाला.

रंगाच्या दुसऱ्या प्रेरणेचेही असेच आहे. शार्ल ब्लां या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकांतून व्हिन्सेंटने देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराचे रंगविषयक विचार १८८४ मध्ये वाचले होते : रंगाला स्वतःची अशी किंमत नसते, शेजारच्या रंगामुळे ती ठरते. ‘बटाटे खाणारे’मधले कापड पाहताना आपण त्याला पांढरे म्हणतो. वास्तविक तेथे पांढरा रंग जवळजवळ नाही. व्हर्मिलियन, निळा आणि नेपल्स यलो यांच्यासारखे तांबडे, निळे, पिवळे रंग मिसळून तयार झालेला तो एक गडद करडा आहे. सभोवार त्याहून गडद असल्यामुळे तो पांढरा भासतो. मोबाइलच्या पडद्यावर चित्र मोठे करून गोर्डिनाच्या टोपीचा एवढासा तुकडा वेगळा काढून पाहिला, तर ओल्या राखेसारखा रंग दिसतो. पडदा पुन्हा लहान केला की टोपी पांढरी. हा प्रयोग कोणीही घरबसल्या करून पाहावा.

तिसरी प्रेरणा पुस्तकातून आली नाही, ती अंगावरच्या कपड्यांतून आली. तेथल्या शेतकऱ्यांचे निळे जाडेभरडे कापड घरीच विणलेले असे. ताणा काळा आणि बाणा निळा, त्यामुळे काळ्या-निळ्या बारीक रेघा उमटत. ऊनपावसात ते विटले की त्याला एक अत्यंत शांत रंग येतो आणि त्याच्या शेजारी कातडीचा रंग उठून दिसतो, असे त्याचे निरीक्षण होते. हे त्याला सुचले यात नवल नाही, कारण १८८४ च्या वर्षात त्याने न्यूनेनचे विणकर आणि त्यांचे माग पुष्कळ रंगवले होते. चित्राविषयी लिहिताना तो नकळत त्यांचीच भाषा बोलू लागतो. हिवाळाभर या कापडाचे धागे माझ्या हातात होते, त्यांतून मी नक्षी शोधत होतो. कापड जाडेभरडे दिसत असले तरी धागे विचारपूर्वक, नियमाने निवडलेले आहेत, अशा अर्थाचे त्याने लिहिले. मागच्या वर्षीचा विषय या वर्षीची पद्धत होऊन आला. एका कामातून दुसऱ्या कामात गेलेल्या अशा गोष्टी प्रेरणांच्या यादीत सहसा सापडत नाहीत.

चौकटीबद्दलही त्याचा आग्रह होता. चित्र सोनेरी चौकटीत बसवावे किंवा पिकलेल्या गव्हाच्या रंगाचा कागद लावलेल्या भिंतीवर टांगावे. काळपट भिंतीवर ते मुळीच चालणार नाही. यामागे सजावटीची हौस नव्हती. आतल्या सावल्या निळसर आहेत आणि सोनेरी पिवळा शेजारी आला की त्या जिवंत होतात, हा तोच शेजाराचा नियम चित्राबाहेर नेलेला होता.

राप्पार्दचे पत्र

शिळाछापाची दुसरी प्रत गेली ती आंतोन फान राप्पार्द या चित्रकार मित्राकडे. दोघांची मैत्री पाच वर्षांची होती. २४ मे १८८५ रोजी राप्पार्दने उत्तर लिहिले आणि ते इतके कडक होते की व्हिन्सेंटने ते दोन शब्द जोडून परत पाठवून दिले. छापातल्या उजवीकडच्या माणसाला गुडघा का नाही, पोट आणि फुप्फुसे का नाहीत, की ती पाठीत आहेत? त्याचा हात हातभर आखूड का? दुसऱ्या एका स्त्रीच्या नाकाच्या जागी चिलमीच्या दांड्यासारखे काहीतरी का? कॉफीची किटली ना टेकलेली आहे ना धरलेली आहे, मग ती करते तरी काय? आणि अशा कामासाठी मिलेचे नाव घेण्याची हिंमत कशी होते? पत्राचा सूर असा होता.

राप्पार्दला मराठी वाचकांनी खलनायक ठरवू नये. त्याच्या हाती अखेरचे चित्र नव्हते. एका दिवसात स्मरणातून काढलेला, उलटा उमटलेला, आम्लाने खाल्लेला छाप होता. त्या छापाबद्दल त्याने काढलेल्या चुका बऱ्याचशा खऱ्या आहेत. शरीररचनेच्या दृष्टीने अखेरच्या चित्रातही सारे काही ठाकठीक नाही. फक्त तो ज्यावर बोलत होता ती वस्तू आणि व्हिन्सेंट ज्याचा बचाव करत होता ती वस्तू, या दोन वेगळ्या होत्या. धुळकट बटाट्याचा रंग, राखेची पांढरी टोपी, विटलेला निळा, यांतले काहीच दगडावर नव्हते. अपुरे काम दाखवायचेच असेल तर त्याचा कोणता भाग दाखवायचा, हा निर्णय चित्रकारासाठी किती जोखमीचा असतो, ते येथे दिसते. काही महिने पत्रांची ओढाताण चालली आणि मैत्री संपली.

मात्र अशा टीकेने व्हिन्सेंटला एक गोष्ट शब्दांत मांडायला भाग पाडले. जुलै महिन्यात, पॅरिसमधल्या सेरे नावाच्या चित्रकाराने त्याच्या आकृत्यांमध्ये दोष दाखवले होते त्याला उत्तर म्हणून त्याने थिओला लिहिले की माझ्या आकृत्या बरोबर निघाल्या तर मी हताश होईन. मला अशा चुका, असे फेरबदल करायला शिकायचे आहे की ते खोटे म्हटले तरी चालेल, पण शब्दशः सत्यापेक्षा अधिक खरे असेल. हा विचार चित्र रंगवण्यापूर्वी त्याच्याकडे तयार होता असे मानायला मला पुरावा दिसत नाही. एप्रिलमध्ये तो इतकेच म्हणत होता की चित्र शेतकऱ्याचे असेल तर त्याला धुराचा, डुकराच्या चरबीचा, बटाट्याच्या वाफेचा वास आला तरी हरकत नाही. त्या वासापासून चुकांच्या या समर्थनापर्यंतचे अंतर त्याने टीका झाल्यावर कापले.

नंतर

गावातही दरवाजे बंद होत गेले. गोर्डिनाला दिवस गेल्याचे कळले तेव्हा बोट व्हिन्सेंटकडे दाखवले गेले. त्याने आरोप नाकारला. कॅथलिक धर्मगुरूने आपल्या माणसांना त्याच्यासमोर बसायला मनाई केली. ज्याला माणसेच हवी होती त्याच्यापाशी शरद ऋतूत रंगवायला पक्ष्यांची घरटी आणि टोपलीतले बटाटे उरले. नोव्हेंबरमध्ये त्याने न्यूनेन सोडले आणि तो बेल्जियममधल्या अँटवर्पला गेला.

दोन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याची रंगपाटी पार बदलली होती. तेथून धाकट्या बहिणीला, विलेमिनला, लिहिताना मात्र त्याने म्हटले की न्यूनेनमध्ये केलेले बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचे चित्रच आजवरचे माझे सर्वांत चांगले काम आहे. आणि एप्रिल १८९० मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या रुग्णालयातून त्याने थिओकडे आपली जुनी रेखाटने मागवली. दिव्याच्या उजेडात जेवणाऱ्या शेतकऱ्यांचे ते चित्र पुन्हा करावे असे मनात आहे, आता ते पार काळे पडले असेल, कदाचित सगळेच स्मरणातून करता येईल, असे त्याने कळवले. त्या महिन्यांत मेजाभोवतीच्या माणसांची काही रेखाटने झाली; चित्र मात्र झाले नाही.

मे महिन्यात तो सँ-रेमी सोडून थिओच्या घरी तीन दिवस राहिला. पॅरिसमधल्या त्या घरात जेवणाच्या खोलीत, शेकोटीच्या वर, तेच जुने चित्र टांगलेले होते.